अकरावा प्रश्न

पट्टीचा पोहणाराच बुडतो, असे आपल्याकडे लोक सहज बोलून जातात. बोलणाऱ्याच्या मनात काही नसते. परंतु ज्या घरातला पट्टीचा पोहणारा खरोखरच बुडाला, त्या घरात हे वाक्य कोणी उच्चारले की चुलीपुढची म्हातारी हातातला उंडा परातीत ठेवते आणि उठून बाहेर जाते. ते घर आमचे. ती म्हातारी माझी आजी.

सिल्लोडहून भराडीच्या रस्त्याला लागले की मध्येच एक फाटा फुटतो. त्या फाट्याला आमचे गाव. मका, कापूस, मिरची ही पिके, आणि शिवारात जिकडेतिकडे विहिरी. अजिंठ्याच्या डोंगरातून उतरणारे पाणी पावसाळा सरला की नदीनाल्यात फार दिवस थांबत नाही. म्हणून ज्याच्याकडे दोन पैसे येतात तो आधी विहीर खोदतो. पन्नास-साठ फूट खोल विहिरी आमच्याकडे नवलाच्या नाहीत. आणि विहीर म्हटली की तीत काही ना काही पडणारच. बादली पडते, कळशी पडते, पाइपाचा फुटव्हॉल गाळात रुततो, मोटार खाली जाते, शेळी पडते. कधी माणूसही पडतो.

हे सगळे वर काढायला ज्यांना बोलावणे येते ते माझे वडील. पंचक्रोशीत त्यांना 'बुडीवाले अण्णा' म्हणतात. त्यांच्याजवळ ना चष्मा, ना नळकांडे. कमरेला दोर बांधायचा, काठावर दोन माणसे उभी करायची, छाती भरून श्वास घ्यायचा, हातात एक जड दगड धरायचा आणि तळ गाठायचा. दोराला दोन हिसके बसले की काठावरच्यांनी वर ओढायचे. एवढीच त्यांची यंत्रसामग्री. फुटव्हॉल मोकळा केला की पाचशे-सातशे रुपये मिळतात. मोटार काढली तर हजार. प्रेत काढण्याचे मात्र ते पैसे घेत नाहीत. "मेलेल्या माणसाच्या घरून पैसा आणला तर तो अंगी लागत नाही," असे ते म्हणतात. अण्णा विहिरीत असतात तोवर आई चूल पेटवत नाही. त्याचे कारण तिला कोणी विचारीत नाही.

पाण्याचे हे काम आमच्या घरात आजोबांपासून आले. आजोबा १९८८ सालच्या उन्हाळ्यात, शेजारच्या शेतातला फुटव्हॉल काढायला उतरले. दोन बुड्या मारून वर आले, काठावर बसून पाणी प्याले, तिसरी बुडी मारली ती वर आलेच नाहीत. त्यांचे वय तेव्हा चाळिशीच्या आतच होते. पंचनाम्यात 'पाण्यात बुडून मृत्यू' असे लिहिले गेले. गावाने मात्र मागे एक ओळ जोडली. एवढा पोहणारा गडी उगाच कसा बुडेल? पिऊन उतरला असेल! आजोबांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता, असे आजी शपथेवर सांगते. पण विधवेच्या शपथेला कोण विचारतो? अण्णा तेव्हा बारा वर्षांचे होते. पुढे चार वर्षांनी ते त्याच विहिरीत पहिली बुडी मारून वर आले, आणि त्या दिवसापासून घराला पुन्हा बुडीवाला मिळाला.

आता माझ्या भावाकडे वळते. त्याला आम्ही नुसते भाऊ म्हणतो. आय.टी.आय. फिटर होऊन तो मुंबईला एका ठेकेदाराकडे गोदीच्या कामावर लागला. तेथे त्याला पाणबुड्यांची ओळख झाली. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे एकशेसाठ किलोमीटर आत, भर समुद्रात, १९७४ साली 'सागर सम्राट' या जहाजाने तेलाचा शोध लावला. ते बॉम्बे हाय. तेथे पाण्याची खोली सत्तर-ऐंशी मीटर आहे. समुद्रात उभ्या केलेल्या त्या मचाणांचे पाय, तळावरून गेलेल्या नळ्या, त्यांचे सांधे हे सारे कोणीतरी पाण्यात उतरून पाहावे लागते, कापावे लागते, जोडावे लागते. ते काम पाणबुडे करतात. पगार ऐकून भाऊचे डोळे फिरले. "आपल्या अण्णाला पाचशे रुपये देत्यात त्याच कामाचे हे लोक लाख देत्यात!" असे तो मला फोनवर म्हणाला. त्याने प्रशिक्षणाची चौकशी केली. पैशांची जुळवाजुळव झाली. राहिली फक्त एक अट. ती म्हणजे वैद्यकीय तपासणी.

२०२३ च्या दिवाळीत तो अर्जाचे कागद घेऊन घरी आला. कागद इंग्रजीत होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. तेव्हा कागद वाचण्याचा मान माझ्याकडे आला. खरे सांगायचे तर मला तो मान फार आवडला. मी ओट्यावर चटई टाकली, नवा पेन काढला आणि एकेक प्रश्न मराठीत सांगू लागले. दमा आहे काय? फिट येते काय? कानाचे दुखणे? छातीत कधी दुखते काय? धावताना, ओझे उचलताना कधी भोवळ आली काय? भाऊ "नाही, नाही" म्हणत होता आणि मी झोकदार अक्षरात 'नो' लिहीत होते.

अकरावा प्रश्न आला. आपल्या रक्ताच्या नात्यात कोणी तरुण वयात अचानक, किंवा पाण्यात कारण न कळता, मरण पावले आहे काय?

माझा हात थांबला. अंगणात आजी शेंगा निवडीत होती. मी भाऊकडे पाहिले. तो हळूच म्हणाला, "आजा बुडून गेला. बुडाला म्हंजे कारण कळालंच की. लिही नाही." मी म्हटले, "पण अचानक...?" तो म्हणाला, "हो लिहिलं तर धा प्रश्न काढतील. नाही लिही."

मी नाही लिहिले.

त्या कागदाची एक प्रत अजून माझ्याजवळ आहे. सगळ्या उत्तरांत ते अक्षर जरा वाकडे आले आहे, असे मला वाटते. कदाचित तो माझ्या मनाचाच खेळ असेल.

२०२४ च्या फेब्रुवारीत मुंबईतल्या एका डॉक्टरांकडे भाऊची तपासणी झाली. वजन, रक्तदाब, कान, फुप्फुसांची फुंक, पायरीवर चढ-उतार, सगळ्यांत तो पहिल्या नंबरने पास. मग डॉक्टरांनी छातीला नळी लावली. आडवे झोपवून ऐकले. मग म्हणाले, "उकिडवा बस. आता एकदम उभा राहा." उभा राहताच पुन्हा नळी लावली, आणि बराच वेळ काढलीच नाही. हृदयातून एक खरखर येत होती, आणि उभे राहिल्यावर ती मोठी होत होती. ईसीजी काढला, त्याच्या रेघा जशा असायला हव्यात तशा नव्हत्या. मग टू-डी इको झाला. हृदयाच्या डाव्या-उजव्या कप्प्यांमधली जी भिंत साधारण माणसात बारा मिलिमीटरच्या आत असते, ती भाऊच्या हृदयात एकोणीस मिलिमीटर निघाली.

हृदयाचा स्नायू विनाकारण जाड होण्याचा हा जन्मजात दोष आहे. रक्तदाब नाही, व्यायाम नाही, तरी भिंत जाड होते. दर पाचशे माणसांमागे सुमारे एकाला तो असतो, आणि त्यांतले कितीतरी जण काही न कळता म्हातारे होऊन सुखाने जातात. पण काहींच्या बाबतीत, विशेषतः भारी मेहनतीच्या वेळी, हृदयाचा ताल एकाएकी बिघडतो आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. रस्त्यात असे झाले तर माणूस पडतो, चार लोक धावतात, दवाखान्यात नेतात. पाण्याखाली असे झाले तर कोणी धावत नाही. तेथे भोवळ येणे आणि बुडणे यांच्यामध्ये जागाच नाही.

आणि पाणी हृदयाला काही स्वस्थ बसू देत नाही. मी यावर जे वाचले ते थोडक्यात सांगते. माणूस गळ्यापर्यंत पाण्यात उतरला की पाण्याचा दाब पायांतले रक्त वर छातीकडे ढकलतो. अर्धा-पाऊण लिटर रक्त असे जास्तीचे छातीत येते आणि हृदयाला ते सांभाळावे लागते. तेहतीस फूट खाली गेले की अंगावरचा दाब दुप्पट होतो. श्वास कोंडून गार पाण्यात तोंड घातले की हृदयाची गती आपोआप मंदावते. सील वगैरे पाण्यातल्या प्राण्यांना असलेली ही देणगी थोडीशी आपल्यालाही आहे. पण त्याच वेळी गारठ्याचा झटका, मेहनत आणि भीती हृदयाला पळायला लावतात. एकाच बैलावर एकाने आसूड उगारावा आणि दुसऱ्याने त्याचा कासरा मागे ओढावा, तशी ही गत. धडधाकट बैल ते सोसतो. मुळातच अधू असेल तो तिथेच बसतो.

त्या रात्री भाऊचा फोन आला. तो रागावेल असे वाटले होते. पण त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "अकराव्या प्रश्नावर डॉक्टरनं बोट ठेवलं. म्हणले, नीट आठवून सांग. मग मी आजाचं सांगितलं." थोडा वेळ आम्ही दोघेही गप्प होतो. मग तो म्हणाला, "ते म्हणले, हे आधी लिहिलं असतं तर मी नळी लावायच्या आधीच सावध झालो असतो. आता घरच्या समद्यांना तपासा. बापाला आधी." ज्या आईला किंवा बापाला हा दोष असतो त्यांच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. म्हणजे भाऊच्या हृदयातून ती रेघ मागे निघाली होती. अण्णांकडे, आणि अण्णांच्या मागे कोणाकडे, हे सांगायची गरज नव्हती.

मला रात्रभर झोप आली नाही. माझ्या वाकड्या 'नो'ने काही बिघडले नाही, कारण डॉक्टरांचे कान चांगले होते. पण ते घाईत असते तर? खरखर ऐकूच आली नसती तर? मग माझ्या अक्षराचा दाखला खिशात घालून भाऊ समुद्रात उतरला असता.

पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात आणि इतरत्र जे मिळेल ते मी या विषयावर वाचू लागले. पाणबुड्यांचे वैद्यक तसे जुने नाही. ब्रिटनचे जॉन स्कॉट हाल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून, खोल पाण्यातून किती थांबत थांबत वर यावे याची कोष्टके १९०८ साली प्रसिद्ध केली. त्यांचेच चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन पुढे भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्या कोष्टकांनी पुष्कळ जीव वाचवले. पण वर कसे यावे हे कोष्टक सांगते. खाली कोणी जावे हे ते सांगत नाही. ते माणसाचे शरीर तपासूनच ठरवावे लागते. ब्रिटनमध्ये १९९७ च्या नियमांप्रमाणे कामावरच्या पाणबुड्याचा दाखला जास्तीत जास्त बारा महिने चालतो. वर्ष सरले की पुन्हा तपासणी.

आणखी एक गोष्ट वाचली, तिने मला फार विचारात पाडले. आईच्या पोटात असताना बाळाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक वाट उघडी असते. जन्मल्यावर ती मिटते. पण दर चार माणसांत सुमारे एकाची ती पुरती मिटत नाही. जमिनीवर त्याने बहुधा काहीच अडत नाही. नळकांड्यातल्या हवेवर खोल जाणाऱ्या पाणबुड्याच्या रक्तात मात्र वर येताना नायट्रोजनचे बुडबुडे होतात. एरवी ते फुप्फुसात गाळले जातात, पण ही वाट उघडी असली तर काही बुडबुडे तिच्यातून थेट मेंदूकडे वा मणक्याकडे जाऊ शकतात. मग सगळ्याच पाणबुड्यांच्या हृदयात ही वाट शोधावी काय? ब्रिटनमधल्या आणि दक्षिण प्रशांत भागातल्या या विषयाच्या तज्ज्ञांनी २०१५ साली मिळून सांगितले की, सरसकट शोधू नये. ज्याला पूर्वी बुडबुड्यांचा विशिष्ट त्रास झाला आहे, ज्याला डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठते, अशांचीच ती तपासणी करावी.

म्हणजे काय? म्हणजे प्रत्येक माणसाला प्रत्येक यंत्राखाली घालणे कोठेच होत नाही. यंत्राच्या आधी प्रश्न येतो. प्रश्न ही पहिली चाळणी. आणि त्या चाळणीची भोके बुजवणारा असतो तो उत्तर देणारा माणूस. भाऊने खोटे सांगितले ते तो खोटारडा होता म्हणून नव्हे. एका 'हो'ने हातातोंडाशी आलेला घास जाईल, हे त्याला ठाऊक होते. ज्याचे पोट उत्तरावर अवलंबून आहे त्याला खरे उत्तर देणे परवडले पाहिजे. नाहीतर कितीही मोठा डॉक्टर बसवा, त्याच्यापुढे येईल तो कागद 'नाही, नाही'नेच भरलेला असेल.

हे मला कळले, पण अण्णांना कसे सांगायचे? ते हसले. "चाळीस वर्षं व्हत आली पाण्यात. छातीत काही असतं तर कवाच कळलं असतं." मी पुष्कळ समजावले. तेव्हा त्यांनी खरे कारण सांगितले. "डॉक्टरनं नाही म्हणलं, तर उद्या कोणाचं लेकरू विहिरीत पडलं म्हंजे कोण उतरंल? तू?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

एप्रिलमध्ये एका रात्री शेजारच्या वाडीवरून माणसे आली. एक शाळकरी मुलगा पोहायला गेला होता, तो परत आला नव्हता. भाऊ मुंबईत होता, म्हणून दोर धरायला मी गेले. अण्णा तीन वेळा खाली गेले. तिसऱ्या वेळी मुलाला घेऊनच वर आले. मुलगा गेला होता. लोकांचा आकांत चालला होता आणि अण्णा एका बाजूला गुडघ्यांत डोके घालून बसले होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "काही नाही. जरा अंधारी आली." मी विचारले, "पहिल्यांदाच?" ते काही बोलले नाहीत. पुन्हा विचारले. तेव्हा म्हणाले, "दोन सालं झाली."

घरी आल्यावर मी हे आजीला सांगितले. ती पुष्कळ वेळ कंदिलाकडे पाहत बसली. आमच्याकडे वीज आहे, पण आजी रात्री उशाशी कंदीलच ठेवते. मग ती हळूहळू बोलू लागली. "तुव्हा आजा बी असाच बसायचा. मोट सोडली की गुडघ्यात डोकं घालायचा. म्हणायचा, भोवळ आली. मी म्हणायचे, उन्हाची आली असंल." छत्तीस वर्षांत तिने हे कोणाला सांगितले नव्हते, कारण छत्तीस वर्षांत तिला हे कोणी विचारलेच नव्हते. अकराव्या प्रश्नाचे खरे उत्तर आमच्याच घरात, चुलीपुढे बसून होते.

दुसऱ्या दिवशी आजीनेच अण्णांना उठवले. "चल. म्या येते." आईचे म्हणणे कधी न ऐकणारे अण्णा तिच्या मागे मुकाट्याने एस.टी.त बसले.

सिल्लोडच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी निघाला. अण्णांच्या हातापायांना चिमटे लावले तेव्हा ते ओशाळून हसत होते. मी त्यांना धीर यावा म्हणून वाचलेली गोष्ट सांगितली. हे यंत्र आइंथोव्हेन नावाच्या डच शास्त्रज्ञाने केले, त्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि सुरुवातीच्या त्या यंत्रात माणसाला दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. अण्णा म्हणाले, "मंग ते बरं व्हतं. पाण्यात असतो तर म्या भेलो नसतो." त्यांना भीती वाटत होती हे तेव्हा मला पहिल्यांदा समजले.

रेघा पाहून त्यांनी आम्हाला छत्रपती संभाजीनगरला घाटीत पाठवले. तेथे अण्णांचा टू-डी इको झाला. भिंत सतरा मिलिमीटर. बुडी मारणे, ओझे ओढणे बंद; रोज एक गोळी; ठरल्या दिवशी पुन्हा दाखवायचे. माझाही इको झाला. माझी भिंत नेमकी आहे. परंतु हा दोष वय वाढताना मागाहूनही दिसू शकतो, म्हणून मला काही वर्षांच्या अंतराने पुन्हा तपासून घ्यावे लागेल. ते मी घेणार आहे.

निघताना आजीने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. "ह्याच्या बापाला बी हेच आसंल का?" डॉक्टर म्हणाले, "आज सांगता येणार नाही आजी, पण असणं शक्य आहे." आजी म्हणाली, "म्हंजे त्यो पेलेला नव्हता ना?" डॉक्टरांना काही समजले नाही. ते माझ्याकडे पाहू लागले. मला बोलता येईना. आजीने त्यांना हात जोडले आणि आम्ही बाहेर आलो.

सिद्ध काहीच झालेले नाही. आजोबांची राख कधीच गोदेला मिळाली. पण त्या दिवसानंतर आजी 'पट्टीचा पोहणारा' हे शब्द ऐकून उठून जात नाही.

भाऊने सहा महिने कोणाशी धड बोलणे टाकले होते. आता त्याने सिल्लोडला मोटार रिवायंडिंगचे छोटे दुकान टाकले आहे. विहिरीतून निघालेल्या मोटारी त्याच्याकडे येतात. अजून कधीतरी फोनवर समुद्राची चित्रे पाहत बसतो. मी ते पाहूनही न पाहिल्यासारखे करते.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. नौदलाचे कोचीला पाणबुड्यांचे विद्यालय आहे. मुंबईत कुलाब्याला नौदलाचे अश्विनी रुग्णालय आहे आणि तेथील नौदल वैद्यक संस्थेत पाण्याखालच्या माणसाच्या शरीराचा स्वतंत्र अभ्यास चालतो. समुद्राखालचे प्रवाळ बघायला हौसेने उतरणाऱ्या पर्यटकासाठीही हृदयाबद्दल विचारणारे अर्ज असतात. हे सगळे योग्यच आहे. पण आमच्या मराठवाड्यात, खानदेशात गावोगाव जी माणसे दुसऱ्याचे लेकरू काढायला रात्री-अपरात्री विहिरीत उतरतात, त्यांच्या छातीला आजवर कोणी नळी लावली आहे काय? तालुक्यातून बोलावणे येते, पंच येतात, पंचनामा होतो, पेपरात चार ओळी येतात. बुडी मारणाऱ्याचे नाव त्यात येते किंवा येतही नाही. त्याचे हृदय कोणाच्याच कागदावर नसते. मोठे काही नको. ज्यांना असे बोलावले जाते त्यांची नावे तालुक्यात लिहून ठेवावीत, वर्षातून एकदा चार प्रश्न विचारावेत, नळी लावावी, एक ईसीजी काढावा. आणि ज्याला 'नको' म्हणावे लागेल त्याला दोर धरण्याचे, शिकवण्याचे काम देऊन चार पैसे मिळतील असे पाहावे. ही दुसरी गोष्ट झाली नाही तर पहिली होणार नाही, एवढे मी अनुभवाने सांगू शकते.

अण्णा आता काठावर असतात. गावातली दोन पोरे त्यांनी तयार केली आहेत. परवा त्यांतला एक पहिल्यांदा फुटव्हॉल काढायला उतरणार होता. दोर बांधून झाला. दगड हातात आला. अण्णा म्हणाले, "थांब. कधी पळताना अंधारी येती का? छातीत कळ?" पोरगा म्हणाला, "नाही."

"तुव्हा बाप, आजा, चुलता? कोणी एकाएकी गेलंय का?"

पोरगा "नाही" म्हणणार होता, मग थांबला आणि म्हणाला, "आईला इचारून येऊ का?"

अण्णांनी दोराची गाठ सोडली. "जा, इचारून ये," ते म्हणाले. "विहीर कुठं पळून चालली नाही."